बेसूर, बेताल, बेबनाव, विसंगत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातले गाण्याचे विद्यार्थी, मराठीचे शिक्षक, मुद्रितशोधक आणि भाषांतर करणारे हे प्रश्न फिरून फिरून विचारतात. बहुतेकांची सुरुवात ‘बेसूर’ या एकाच शब्दाने होते, पुढे गाडी कुठेही जाते. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, तिथे क्रमांक दिला आहे.

१. बेसूर म्हणजे नेमकं काय?

जो सूर धरून गायचं किंवा वाजवायचं ठरलं आहे, त्याला सोडून लागलेला. शब्दाची फोड केली तर ‘सूर नसलेला’ असा अर्थ निघतो, पण बेसूर गाणाऱ्याकडेही सूर असतो. तो जागेवर नसतो एवढंच. तानपुरा बंद करून कुणी एकच सूर ‘आ’कारात लांबवला आणि तो हलू दिला नाही, तर तो बेसूर आहे की सुरेल हे भल्याभल्यांनाही सांगता येणार नाही. तानपुरा सुरू झाला की पहिल्या दोन झंकारांत कळतं. म्हणजे हा शब्द वापरताना ‘कशाच्या तुलनेत?’ या प्रश्नाचं उत्तर हाताशी असावं लागतं. खाली जे जे गोंधळ येतात, त्यातले निम्मे हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

आवाज, गाणं, तान, वाद्य आणि माणूस या पाचही गोष्टींना बेसूर म्हणता येतं. ‘सगळे आनंदात असताना तो एकटाच बेसूर बोलला’ असा लाक्षणिक वापरही रुळलेला आहे.

२. हा शब्द मराठी, संस्कृत की फारसी?

जोडशब्द आहे, आणि दोन तुकडे दोन घरचे. ‘बे’ हा फारसी उपसर्ग, अर्थ ‘-शिवाय, नसलेला’. इराणात आज त्याचा उच्चार ‘बी’ होतो. आपल्याकडे जुना ‘बे’ टिकला. ‘सूर’ आला संस्कृत ‘स्वर’वरून. अशा मिश्र शब्दांना शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण मराठीने हा उपसर्ग इतका आपलासा केला की तो फारसी शब्दांपुरता राहिलाच नाही. बेइमान, बेकार, बेलगाम हे पूर्ण तिकडचे. बेभान, बेचव, बेताल, बेशुद्ध हे अर्धे इकडचे. ‘बेसावध’ तर पाहण्यासारखा आहे: ‘सावध’मध्ये आधीच संस्कृतचा ‘स’ (सह) आणि ‘अवधान’ बसलेले, त्यांच्या पुढ्यात फारसी ‘बे’ येऊन उभा राहिला.

हिंदीत बेसुरा, गुजरातीत बेसूरुं, बंगालीत बेसुरो. हा जोड एकट्या मराठीने लावलेला नाही.

३. पण ‘बे’ म्हणजे दोन ना? आणि आपल्या ‘काय बे’मधला बे कोणता?

तीन वेगळे ‘बे’ आहेत. ‘बे एके बे’ आणि ‘बेचाळीस’ यांतला बे संस्कृत ‘द्वि’च्या कुळातला. ‘काय बे’, ‘चाल बे’ यांतला बे हाक मारण्याचा. तो नेहमी शब्दानंतर येतो आणि वेगळा लिहितात. बेसूरमधला बे फारसी. तो शब्दाआधी येतो आणि जोडून लिहितात. त्यामुळे ‘काहून बेसुरा गाऊन राहिला बे?’ या एका नागपुरी वाक्यात दोन बे आहेत आणि दोघांची एकमेकांशी ओळखही नाही.

४. ‘स्वर’चा ‘सूर’ झाला कसा? सूर मारणं, सुर-असुर यांचा काही संबंध?

‘स्व’मधला ‘व’ बोलताना ‘उ’ झाला, ‘स्वर’चा ‘सुर’ झाला. ध्वनीवरून ‘धून’ हा शब्दही याच वाटेने आल्याचं कोशांत दिलेलं असतं. हिंदीत तो ‘सुर’च राहिला. मराठीची सवय अशी की शेवटच्या अक्षरातला ‘अ’ गळतो आणि त्याच्या आधीचा इकार-उकार लांबतो: गूळ, फूल, मूल. तसाच सूर.

पाण्यात सूर मारणं आणि सूरपारंब्यांतला सूर यांचा गाण्याशी संबंध लावू नका, तो नुसता सारखा दिसणारा शब्द. सुर म्हणजे देव, हाही वेगळा, आणि तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असल्यामुळे त्याचा उकार ऱ्हस्व. याचा फटका पुढच्या उत्तरात बसतो.

५. बेसूर, बेसुर की बेसुरा? नागपुरात सगळे ‘बेसुरा’ म्हणतात, ते चूक आहे का?

‘बेसुर’ चूक. ‘असुर’, ‘मधुर’ ऱ्हस्व लिहितो म्हणून हाही ऱ्हस्व, असा तर्क मुलं करतात. असुर आणि मधुर तत्सम आहेत, त्यांना संस्कृतचं लेखन लागू. सूर तत्सम नाही, त्याला मराठीचा नियम: शेवटून दुसरं अक्षर दीर्घ. म्हणून सूर, बेसूर. प्रत्यय लागला की उकार परत ऱ्हस्व होतो: सुरात, सुराला, सुरांचा. मूल-मुलाला जसं, तसंच.

‘बेसुरा’ चूक नाही. तो हिंदीच्या वळणाचा आहे हे खरं, आणि नागपूरच्या बाजारात, शाळेत, घरात हिंदी-मराठी शेजारी शेजारी नांदतात म्हणून इथे तो जास्त ऐकू येतो. पण मराठी लेखनातही तो जुना पाहुणा आहे. फरक व्याकरणात पडतो:

‘बेसूर’ बदलत नाही. बेसूर आवाज, बेसूर तान, बेसूर गाण्याला.

‘बेसुरा’ बदलतो. बेसुरा आवाज, बेसुरी तान, बेसुरं गाणं, बेसुऱ्या गाण्याला.

एका मजकुरात एकच रूप ठेवा. ‘बेसुऱ्या’ लिहिताना ‘ऱ्या’ हवा. बऱ्याच मोबाइल कीबोर्डांवर रफार असलेला ‘र्या’ आपोआप उमटतो आणि ‘बेसुर्या’ होतं, ते ‘सूर्या’सारखं वाचलं जातं. ‘पणा’ लावायचा असेल तर ‘बेसूरपणा’ किंवा ‘बेसुरेपणा’, दोन्ही चालतं.

६. कणसूर म्हणजे बेसूरच ना?

कमी-जास्तीचा फरक आहे, पण गाण्याच्या वर्गात तो फार मोलाचा. बेसूर म्हटलं की सूर जागा सोडून गेला. कणसूर म्हणजे जागा सापडली आहे, पण सूर तिच्या मधोमध न बसता केसभर खाली किंवा वर राहिला आहे. खाली राहिला तर ‘उतरा’, वर गेला तर ‘चढा’.

कणसूर गाणाऱ्याला बहुधा स्वतःला कळत नाही. लांब तानेत किंवा द्रुत गाण्यात तो लपून जातो, आलापीत विलंबित षड्‌जावर थांबलं की उघडा पडतो. तपासायचं असेल तर तानपुऱ्यासोबत खालच्या सा पासून एकेक सूर प्रत्येकी दहा सेकंद धरा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि निदान तासाभराने ऐका. लगेच ऐकलं तर कान अजून आपल्याच बाजूने असतो. आवाज सोडताना सूर खाली घसरतोय असं दिसलं तर श्वास अपुरा पडतोय. सुरुवातीलाच खालून घसरत वर येत असाल तर ऐकण्याआधी गाण्याची घाई आहे. दोन्हींची तालीम वेगळी, म्हणून आधी कोणतं ते ओळखा.

एक सापळा: ‘कणस्वर’ हा शब्द निराळाच आहे. मुख्य सुराला स्पर्श करून जाणाऱ्या शेजारच्या सुराला कणस्वर म्हणतात, तो दागिना आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘कणस्वर लागल्यामुळे गाणे खराब झाले’ असं लिहिलेलं सापडतं.

७. भसाडा, चिरका, घोगरा आवाज म्हणजे बेसूर आवाज?

नाही. ते आवाजाच्या पोताचे शब्द आहेत. घोगऱ्या आवाजात पक्कं सुरेल गाता येतं, आणि मधाळ आवाजाचा माणूस कणसूर असू शकतो. ‘आवाज गोड आहे पण सूर नाही’ हे वाक्य त्यासाठीच.

८. मारबतीच्या मिरवणुकीतला गलका बेसूर म्हणावा का?

म्हणू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा ढोलताशे, आरोळ्या आणि ‘घेऊन जा गे मारबत’ यांचा जो कल्ला होतो, तिथे कुणी एक सूर धरायचा ठरवलेलाच नसतो (प्र. १). तो गोंगाट, गलका, कल्ला. बँडपथकातली एक तुतारी बाकीच्यांना सोडून वाजली तर ती मात्र बेसूर.

९. बेताल आणि बेसूर एकच आहेत का? आणि बेताल म्हणजे वेताळ का?

बेसूर सुराच्या उंचीबद्दल, बेताल काळाबद्दल. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिलीवर सम येते. गाणारा समेऐवजी सोळाव्या किंवा दुसऱ्या मात्रेवर ‘आला’ की तो बेताल. गाणारा आणि तबलजी दोघंही मिळून वेग वाढवत गेले आणि सम बरोबर गाठत राहिले तर लय वाढली असं म्हणतात, बेताल नाही.

वेताळाचं म्हणाल तर हिंदीमुळे घोळ होतो. हिंदीत वेताळालाही ‘बेताल’ म्हणतात, कारण तिथे ‘व’चा ‘ब’ सहज होतो. ते संस्कृत ‘वेताल’चं रूप, तालाशी त्याचं काही देणंघेणं नाही. मराठीत वेताळ आणि बेताल वेगळे राहिले हे बरंच झालं.

मराठीत ‘ताल’ आणि ‘ताळ’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार दिसतात. संस्कृतातून थेट उचललेला तो ताल. लोकांच्या तोंडी घासून आलेला तो ताळ, जसा फलचा फळ आणि कालचा काळ. म्हणून गाण्यात ताल, पण व्यवहारात ‘ताळमेळ’ आणि ‘ताळतंत्र सोडलं’. हिंदी ‘तालमेल’ वाचून मराठीत ‘तालमेळ’ लिहिलेलं नागपूरच्या फलकांवर दिसतं. मराठी शब्द ताळमेळ.

‘बेताल वक्तव्य’ हा बातम्यांतला घासून गुळगुळीत झालेला प्रयोग. त्यात तालाचा अर्थ उरलेला नाही, ‘भान सुटलेलं’ एवढाच आहे. चूक नाही, पण आठवड्यातून तीनदा वाचला की कंटाळा येतो.

१०. वर्ज्य स्वर लावला तर तो बेसूर होतो का? विवादी स्वर म्हणजे बेसूर स्वर का?

इथे तीन गोष्टी एकमेकींत अडकतात, त्यामुळे जरा सावकाश.

भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. कुणी भूप गाताना अगदी तंतोतंत जागेवर मध्यम लावला तर तो तानपुऱ्याशी सुरात आहे, पण रागाच्या बाहेर आहे. याला रागहानी म्हणतात, बेसूर नाही. उलट भूपातलाच गंधार उतरा लावला तर राग शाबूत आणि सूर बिघडलेला. पहिली चूक माहितीची, दुसरी कानाची.

विवादी हा आणखी वेगळा. राग ज्या स्वरांनी बनतो त्यांत नसलेला, तरी मुरलेला गवई मोजक्या ठिकाणी हलकेच लावतो तो स्वर. हमीर, केदार, छायानट यांत अवरोहात कोमल निषाद असा येतो. बिहागातला तीव्र मध्यमही एके काळी विवादी म्हणून येत असे. आता तो इतका पक्का झाला आहे की त्याच्याशिवायचा बिहाग ऐकणाऱ्याला अपुरा वाटतो. म्हणजे आजचा विवादी उद्या घरचा होऊ शकतो. बेसूर मात्र कधी घरचा होत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी, विवादी हे चौघंही आहेत, पण अर्थ आजच्यासारखा नाही. तिथे संवाद अंतराने ठरतो. सप्तकात २२ श्रुती. ज्या दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचं अंतर, ते एकमेकांचे संवादी. षड्‌ज-मध्यम ९, षड्‌ज-पंचम १३. आज वादी-संवादी हे रागातले पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे महत्त्वाचे स्वर म्हणून शिकवतात. परीक्षेला दोन्ही येतं, तेव्हा प्रश्नात ‘भरताच्या मते’ आहे की ‘रागाचा’ हे आधी वाचा.

११. ट्यूनर अ‍ॅप म्हणतं सूर बरोबर, गुरुजी म्हणतात बेसूर. कोणाचं खरं?

बहुधा गुरुजींचं, आणि कारण हिशेबात दाखवता येतं. अ‍ॅपची मोजपट्टी आणि पेटीची मोजपट्टी एकच असते: सप्तकाचे सारखे बारा भाग. तानपुऱ्यातून निघणारे उपस्वर या सारख्या भागांवर पडत नाहीत.

सा २४० हर्ट्‌झ धरा. तानपुऱ्याच्या तारेतून जो शुद्ध गंधार ऐकू येतो त्याचं सा शी नातं ५:४, म्हणजे ३०० हर्ट्‌झ. पेटीचा गंधार येतो सुमारे ३०२.४ ला. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला दोन-अडीच वेळा ‘वँव-वँव’ अशी लाट ऐकू येते. तीच लाट म्हणजे कानाला खुपणारा विसंवाद. पंचमाचं तसं नाही: तानपुऱ्याचा ३६०, पेटीचा ३५९.६. फरक इतका थोडा की अडीच सेकंदांत एक लाट, कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्धस्वराचे शंभर भाग केले (त्याला सेंट म्हणतात) तर पेटीचा गंधार १४ सेंट चढा आणि पंचम फक्त २ सेंट उतरा. पेटीबरोबरच शिकलेल्या मुलांचा गंधार चढा का लागतो, ते यावरून कळेल. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटी बंद ठेवली होती, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता.

दुसरं कारण साधं असतं. अ‍ॅप काळी एक २७७.२ हर्ट्‌झला धरतं. तुमचा तानपुरा २७४ वर लागलेला असेल तर तुम्ही त्याच्याशी तंतोतंत जुळलात तरी अ‍ॅप २० सेंट उतरा दाखवणार. उपाय: अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आधारस्वर बदला, किंवा अ‍ॅप फक्त सा आणि प तपासायला ठेवा आणि गंधार, धैवत, निषाद कानावर सोडा.

१२. मे महिन्यात घरी जुळवलेला तबला कार्यक्रमाला पोहोचेपर्यंत बेसूर का होतो?

नागपूरची हवा आणि नागपूरचा कूलर, दोघंही जबाबदार. कोरड्या उन्हाळ्यात पुडीचं चामडं सुकून ताणलं जातं, सूर चढतो. त्याच तबल्याला वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर अर्धा तास ठेवलं की चामडं ओल पितं आणि सूर उतरतो, शिवाय आवाज बोदा होतो. पावसाळ्यात हेच कूलरशिवाय होतं.

वाद्यं एकाच दिशेने बदलत नाहीत, ही खरी अडचण. तापमान वाढलं की तानपुऱ्याच्या धातूच्या तारा सैलावून उतरतात. बासरी चढते, अंशामागे साधारण ३ सेंट; फुंकीने ती आतून गरम होत असल्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो. म्हणून एअरकंडिशन सभागृहात जुळवलेली वाद्यं अंगणातल्या मैफलीत एकमेकांपासून लांब पळतात.

काय करावं: वाद्यं गवसणीतच कार्यक्रमाच्या जागी अर्धा-पाऊण तास आधी ठेवा, मग उघडून जुळवा. कूलरचा झोत थेट पुडीवर नको. मोठा फरक असेल तर गट्टे (वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) खाली ठोकून सूर चढवा, वर सरकवून उतरवा. थोडा फरक असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या वेढ्यावर) हातोडी: वरून मारली की चढतो, खालून मारली की उतरतो. एकाच जागी ठोकत राहू नका, समोरासमोरच्या घरांवर आलटून पालटून जा. नाहीतर चाटेचा (पुडीच्या काठाच्या पट्टीचा) एक भाग सुरात आणि दुसरा कणसूर राहतो, आणि हाच दोष घाईत सर्वांत जास्त होतो. तानपुऱ्याची खुंटी कोरड्या हवेत आकसून फिरते, तिला खडू लावा. बारीक फरक तारांत ओवलेल्या मण्यांनी काढा, खुंटीला उगाच हात लावू नका.

१३. विसंगत, विसंवादी, विजोड: कोणता शब्द कुठे?

काय जुळत नाही ते पाहा.

अर्थ, नियम किंवा विधान जुळत नसेल तर विसंगत. वि + सम् + गत, ‘बरोबर न चाललेलं’. याला ‘-शी’ लागतो: आधीच्या जबाबाशी विसंगत. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत कायद्यांचा विषय येतो, आणि वकिलांच्या मराठीत हा शब्द रोजचा आहे. ‘हे विसंगत आहे’ एवढंच लिहून थांबलात तर वाचणारा विचारेल, कशाशी?

दोन वस्तू किंवा दोन माणसं जोडीला शोभत नसतील तर विजोड. विजोड चपला, विजोड लग्न. इथे हिंदीच्या नादाने ‘अनमेल’ लिहितात, त्याची गरज नाही.

विसंवादी सूर, रंग आणि मतं यांना चालतो. त्याच्याबद्दल पुढचं उत्तर पाहा.

१४. विसंवाद म्हणजे संवाद नसणं ना?

आज बरेच जण तसंच वापरतात, ‘पिता-पुत्रांत विसंवाद आहे’ म्हणजे बोलणं बंद आहे, अशा अर्थी. मूळ तसं नाही. संस्कृतात ‘संवाद’ म्हणजे एकमत, जुळणी. संभाषण हा अर्थही आहे, पण तेवढाच नाही. संवादी स्वर काही एकमेकांशी गप्पा मारत नाहीत, जुळतात. त्याच्या उलट विसंवाद: न जुळणं, सांगितलेलं आणि प्रत्यक्षातलं यांत फरक पडणं. बौद्ध तर्कशास्त्रात धर्मकीर्तीने प्रमाणाची व्याख्या ‘अविसंवादी ज्ञान’ अशी केली, म्हणजे जे ज्ञान प्रत्यक्षात उतरताना दगा देत नाही ते. तिथे बोलण्या-न बोलण्याचा प्रश्नच नाही.

त्यामुळे दोघं रोज तासभर बोलतात आणि तरी त्यांच्यात विसंवाद आहे, हे वाक्य अगदी बरोबर आहे. बोलणंच बंद असेल तर ‘अबोला’ हा साधा, नेमका शब्द आपल्याकडे आहे.

१५. ‘बनाव’ म्हणजे रचलेलं नाटक. मग बेबनाव म्हणजे नाटक नसणं का?

बनावचा हा अर्थ नंतर वर आला. जुन्या मराठीत बनाव म्हणजे जमणं, सख्य. ‘त्यांचं बनत नाही’ या बोलण्यात तोच धागा आहे. त्याला प्र. २ मधला ‘बे’ लागून बेबनाव, म्हणजे बिनसणं. मूळ शब्दाचा अर्थ बदलला आणि जोडशब्दात जुना अर्थ तसाच राहिला, असं भाषेत होत असतं.

वापराची एक खूण: बेबनाव आधी जमत असलेल्यांत होतो. भावाभावांत, युतीतल्या पक्षांत, भागीदारांत. पहिल्यापासूनच शत्रू असलेल्या दोघांत बेबनाव झाला असं म्हणत नाहीत.

१६. इंग्रजी ‘डिस्कॉर्ड’मध्ये कॉर्ड म्हणजे तार ना? आणि ‘हार्मनी’ला मराठीत काय म्हणायचं?

तार नाही, काळीज. डिस्कॉर्डच्या पोटात लॅटिन ‘कॉर’ म्हणजे हृदय आहे. मनं दुभंगली असा मूळ अर्थ, सुरांना तो नंतर लागला. तारेचा कॉर्ड ग्रीकमधून आला, त्याचा अर्थ आतड्याची तात. ‘डिसोनन्स’ मात्र खरोखर आवाजाचा: सोनारे म्हणजे वाजणं. भाषांतरात म्हणूनच माणसांच्या डिस्कॉर्डला बेबनाव किंवा बेदिली (या शब्दातही दिल म्हणजे हृदयच!) आणि सुरांच्या डिसोनन्सला विसंवाद ठेवलं की दोन्ही जागेवर बसतात. गंमत म्हणजे ‘अब्सर्ड’चं लॅटिन मूळही ‘बेसूर’ असाच अर्थ सांगणारं होतं. आता तो तर्काला न पटणाऱ्या गोष्टींना लागतो.

हार्मनीचं मूळ सुताराच्या कामातलं आहे. ग्रीक ‘हार्मोस’ म्हणजे सांधा, लाकडाचे दोन तुकडे घट्ट बसतात ती जागा. त्यामुळे अर्थाने त्याच्या उलट टोकाला ‘विजोड’ सगळ्यांत जवळ येतो, जरी कोशात तो सहसा सुचवलेला नसतो. मराठीत हार्मनीला एकच शब्द पुरत नाही: माणसांत सलोखा किंवा एकोपा, रंगांत मेळ, विचारांत सुसंगती. एकाच वेळी अनेक सूर वाजवण्याच्या पाश्चात्त्य तंत्राला मात्र ‘हार्मनी’च म्हणा, ‘सुसंवाद’ लिहिलं तर वाचणाऱ्याला पालकसभा आठवते.

१७. सामंजस्य नसेल तर ‘असमंजस’ म्हणता येईल का?

हिंदीत ‘असमंजस’ म्हणजे काय करावं न सुचणं, द्विधा. मराठीत समंजस म्हणजे समजूतदार, आणि असमंजस म्हणजे ते नसलेला. दोघांत सामंजस्य नाही हे सांगायला तो कुठल्याच भाषेत उपयोगी नाही. हिंदी बातमीवरून मराठी बातमी करताना ‘मंत्री असमंजस में’चं ‘मंत्री असमंजस’ झालं की मंत्र्यांना अक्कल नाही असं छापलं जातं. ‘मंत्री द्विधा मनःस्थितीत’ लिहा.

१८. ‘बैठकीत नाराजीचा सूर’ आणि ‘फलंदाजाला सूर गवसला’, हे दोन सूर एकच का? मग ‘बैठकीत बेसूर’ लिहिता येईल?

दोन्हींत शब्द तोच, स्वराचा सूर. पहिल्यात तो बोलण्याचा रोख, दुसऱ्यात जुळून आलेली लय. पण उलटा शब्द दोन्हीकडे सारखा चालत नाही. फलंदाजाचा सूर ‘हरवतो’, तो बेसूर होत नाही. बैठकीत ‘वेगळा सूर लावला’ म्हणजे विरोधी मत मांडलं. ‘बेसूर लावला’ म्हटलं तर ते मतच चुकीचं होतं असा शेरा बातमीदाराच्या तोंडून जातो. मतभेद नुसता कळवायचा असेल तर ‘वेगळा सूर’. अग्रलेखात टीकाच करायची असेल तर बेसूर खुशाल लिहा, फक्त कशाच्या तुलनेत (प्र. १) ते पुढच्या वाक्यात येऊ द्या.